काळा क्रूस आणि तीन फिती

जर्मन पदकांचा नाद मला कसा लागला, हे नगरबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. नगरच्या माणसाला नाही. आमच्या गावात लष्कर पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे, आणि लढायांच्या काळात इथे जर्मन कैदीही ठेवलेले होते. शिवाय वाळवंटातून, इटलीतून परत आलेल्या आपल्याकडच्या शिपायांनी ट्रंकांतून काय काय आणलेलं. बटणं, बकलं, टोपीवरचे गरुड, छातीवरचे बिल्ले. ते शिपाई म्हातारे झाले की घरच्यांना त्या वस्तूंचं काही वाटेनासं होई, आणि जुन्या बाजारात गोणपाटावर कुलपं नि चमच्यांच्या शेजारी एखादा काळा क्रूस पडलेला दिसे.

मी मिशनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. तिशीला आलेला, आईबरोबर दोन खोल्यांत राहणारा. आधी मी हे बिल्ले फक्त त्यांच्या आकारासाठी घेत होतो. पुढे कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांनी गाव सोडताना चित्रांचं एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं, आणि तपासायचा नाद लागला. त्या वर्षांत मुंबईला केस वाढवलेली गोरी पोरं हे काळे क्रूस गळ्यात अडकवून हिंडायची. त्यांच्यासाठी नकला ओतल्या जाऊ लागल्या होत्या, आणि त्यांतल्या काही आमच्याच गावातल्या एका भट्टीत ओतल्या जात. अस्सल क्रूस तीन तुकड्यांचा असतो. मधला गाभा काळ्या रंगाचा, लोखंडाचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी चांदीची चौकट. नक्कल एकाच साच्यातून निघते, तिला लोहचुंबक लागत नाही. पण हुशार नकलाही असत. मग भिंगातून चौकटीच्या कडेचा सांधा शोधायचा, कडीवरचा बारीक आकडा बघायचा, फितीचा एक धागा ओढून जाळायचा. जुना धागा कागदासारखा जळून राख होतो, नवा नायलॉनचा वितळून गोळी होतो. असल्या गोष्टींत माझे शनिवार-रविवार जात.

बहात्तरचा पाऊस पडलाच नव्हता. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, एका शनिवारी शाळा सुटल्यावर, आमच्या शाळेचा शिपाई दोन माणसांना घेऊन ड्रॉइंगच्या वर्गात आला. दोघं त्याच्याच गावची, पाथर्डी तालुक्यातली. एक चाळिशीचा शेतकरी आणि त्याची थोरली भावजय. बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या असतील. कपाळावर मोठं कुंकू, हातांना जागोजाग चिंध्या बांधलेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडून बोटं फुटली होती.

"मास्तर, हे खरं हाय का खोटं, तेवढं सांगा," दीर म्हणाला.

बाईंनी पदराआडून लाल कापडाची घडी काढली आणि बाकावर उलगडली. आत एक क्रूस होता आणि बोटभर लांबीची एक फितींची पट्टी. गणवेशावर सगळी पदकं रोज लटकवत नाहीत. त्यांच्या फितींचे तुकडे एका पत्र्यावर ओळीनं बसवून छातीवर लावतात, ती पट्टी. दोन्हींवर कुंकवाचे थर बसले होते.

"देव्हाऱ्यात असतं," बाई म्हणाल्या. "मधी स्वस्तिक हाय ना."

मी वाकून बघितलं. क्रूसाच्या मधोमध हिटलरच्या राज्याचं ते तिरपं चिन्ह होतं, खाली १९३९. त्यांच्या घराला त्यात स्वस्तिक दिसलं. आमच्या ख्रिस्ती घरात आला असता तर आईला त्यात क्रूस दिसला असता. ज्यांनी तो घडवला त्यांना काय दिसत होतं ते जगाला ठाऊक आहे.

मग दिरानं सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ लग्नानंतर वर्षाच्या आतच पलटणीत गेला. इंग्रजांच्या बाजूनं वाळवंटात लढायला गेला आणि तिथे बेपत्ता झाला. लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला एक जोडीदार, खर्ड्याचा, गावी आला. त्यानं हा बिल्ला आणि पट्टी वडलांच्या हातात ठेवली. सांगितलं, त्याला शौर्याचा बिल्ला मिळाला, त्याची दुसऱ्या पलटणीत बदली झालीय, येईल मागून. पुढे सरकारनं त्याला मेलेला धरला. वडलांनी ते मानलं नाही.

"आमचा बाप म्हनायचा, मेल्या मानसाला बिल्ला कोन देतं?"

बाईंच्या माहेरची माणसं त्यांना न्यायला आली होती. वय लहान होतं, पाट लावून देऊ म्हणत होती. सासऱ्यांनी नाही म्हटलं, आणि बाईंनीही. "सरकारनं ज्याला बिल्ला दिला त्याची बायको दुसऱ्याचं घर करती व्हय?" हे बाई मला नव्हे, बाकावरच्या त्या कापडाला सांगत असल्यासारखं बोलल्या.

आता झालं होतं असं, की एकाहत्तरची लढाई संपल्यावर गावानं शाळेपुढे एक दगड उभारायचं ठरवलं. गावातल्या शिपायांची नावं त्यावर कोरायची. त्यासाठी सुट्टीवर आलेला एक जवान यांच्या घरी गेला आणि देव्हाऱ्यातला बिल्ला बघून म्हणाला, हा आपला नव्हे, हा जर्मनचा. तेव्हापासून गावात दोन तट पडले. काही म्हणत, तुमचा माणूस दुश्मनाला फितूर झाला. काही म्हणत, कैदेत पडलेल्या हिंदी शिपायांची जर्मनीत इंग्रजांविरुद्ध फौज उभी राहिली होती, तिच्यात तो गेला असेल, मग तर तो देशासाठी लढला. पारावर रोज हेच चालायचं.

"मला बाकीचं काई नगं," बाई म्हणाल्या. "ह्यो त्यांचा हाय का, तेवढं बघा."

मी खिडकीजवळ गेलो. जुन्या ब्रशनं आधी कुंकू काढलं. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक मणी असतात, त्यांत ते दगडासारखं बसलं होतं. हळदीकुंकवाच्या ओलीनं गाभ्याला गंज धरला होता, म्हणजे लोखंड खरं. चुंबक चिकटला. कडेला सांधा होता. मागच्या बाजूला १८१३ होतं, अस्सलवर असतं तसं. कडीवर आकडा होता.

"अस्सल आहे," मी म्हणालो.

दिराचा चेहरा उजळला. "म्हंजी त्यांचाच!"

"अस्सल आहे म्हणालो. त्यांचा आहे असं नाही म्हणालो. पट्टी बघू द्या."

क्रूस कुणाचाही असू शकतो. त्यावर नाव नसतं, एका माणसाचा दुसऱ्यासारखाच. पट्टी मात्र एका माणसाच्या छातीची असते. त्यानं काय काय केलं ते मानाच्या क्रमानं तिच्यावर बसवलेलं असतं. हिच्यावर तीन फिती होत्या. पहिली काळी, पांढरी, मधे रुंद लाल, ती त्या क्रूसाचीच. दुसरी लाल, मधे पांढऱ्या-काळ्या-पांढऱ्या रेघा. तिसरी निळी, तिच्यावर नखाएवढा गरुड. मागं करड्या लोकरी कापडाचं अस्तर आणि पिन. मी तिन्हींतला एकेक धागा जाळून बघितला. तिन्ही जुन्या, एकाच वेळी शिवलेल्या. कुणी मागून जोडलेलं काही नव्हतं.

मग मी पुस्तक उघडून दोघांना चित्रं दाखवली. निळी फीत जर्मन फौजेत चार वर्षं नोकरी झालेल्याला मिळे. लाल फीत रशियातल्या पहिल्या हिवाळ्यात लढलेल्याला. त्या हिवाळ्यात बाईंचे मालक इंग्रजांच्या पलटणीत आफ्रिकेच्या वाटेवर होते. जर्मनीतल्या त्या हिंदी फौजेतल्याही कुणाच्या अंगावर ह्या दोन फिती येणं शक्यच नव्हतं.

"हा एका जर्मन शिपायाचा आहे, मावशी. जुना, बऱ्याच लढाया बघितलेला."

बाई बराच वेळ पुस्तकातल्या चित्रावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आमच्याकडं कसं आलं?"

"ते ज्यांनी आणलं त्यांनाच ठाऊक."

दीर म्हणाला, बिल्ला आणणारे ते खर्ड्याचे हवालदार आहेत अजून, जामखेडच्या बाजारात दिसतात. वडील पूर्वी दोनदा खर्ड्याला जाऊन आले होते. दोन्ही वेळा हवालदार घरी नाहीत असं सांगण्यात आलं. त्यांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाईंना आत्ता वाटलं असावं. त्यांनी कापडाची घडी घातली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी बरोबर चला. तुमाला ह्यातलं कळतं. त्यो काई बी सांगंल आन्‌ आमी पुन्यांदा ऐकून घेऊ."

मी म्हटलं, मावशी, नीट विचार करा. इतकी वर्षं गेली. म्हातारा माणूस, त्याला आठवेल न आठवेल.

"इचार करूनच म्हनते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमधली उपासना चुकवून मी स्टँडवर गेलो. ही दोघं रात्री शाळेच्या शिपायाकडे राहिली होती. जामखेडपर्यंत एक एस.टी., पुढे दुसरी. वाटेत ठिकठिकाणी रस्त्याच्या कामावर माणसं दिसत, मोकळ्या रानात खडीचे ढीग. जामखेडला दिरानं चहा घेतला. बाईंनी घेतला नाही. साऱ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. "त्यांचा चेहरा मला आठवत न्हाई, मास्तर. लाजंनं नीट बगितलाच न्हवता. हवालदाराचा आठवतो. त्यो आला तवा मी दाराआडून बगत हुते."

हवालदारांचं घर किल्ल्याच्या अंगाला होतं. ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. उंच, वाळलेला माणूस, मिशा अजून लष्करी. दिरानं गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला. बाईंकडे त्यांनी बघितलं नाही. बाईंनी लाल कापड ओट्यावर ठेवून उलगडलं, तेव्हा त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी म्हनायचो, कोनतरी येईल. इतका उशीर लागंल असं वाटलं न्हवतं."

"ह्यो त्यांचा हाय का, भावजी?"

"न्हाई."

दीर पुढे सरसावला. मी त्याचा दंड धरला. हवालदार आपणहून बोलू लागले, आणि थांबल्यावर पुन्हा बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते.

वाळवंटात समुद्राकाठचं एक ठाणं पडलं तेव्हा दोघं बरोबरच जर्मनांच्या हाती सापडले. हजारो माणसं उघड्यावर, काटेरी तारांच्या आत. वर ऊन, खाली वाळू. पाणी माणशी कपभर, तेही खारट. जहाज येईल आणि इटलीला नेईल असं सांगत होते. आमांशाची साथ आली. बाईंच्या मालकांना रक्त पडू लागलं.

"चार-पाच दिस काडले त्यानं. मी मांडीवर घेऊन बसायचो. वाळूतच पुरला. आमीच पुरला, हातानं उकरून. त्या गर्दीत कुनी लिवून घेतलं न्हाई. मला दुसऱ्या दिसी जहाजात घातलं."

"पानी मागितलं का त्यांनी?" बाईंनी विचारलं.

हवालदारांनी मान डोलावली.

"दिलं?"

"न्हवतं वहिनी. माझं दिलं तेवढं दिलं. न्हवतंच."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. हवालदारांची बायको आलेल्यांसाठी चहा ठेवत होती.

मी क्रूसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, इटलीत पहारेकरी पळाले तेव्हा ते डोंगरातून चालत इंग्रजांच्या बाजूला आले. नंतर त्यांना जखमी जर्मन कैद्यांच्या तंबूवर पहाऱ्याला लावलं. तिथला एक पिकल्या केसांचा जर्मन मरायला टेकला होता. त्यानं हवालदारांचा हात धरून क्रूस आणि पट्टी मुठीत दिली आणि काहीतरी सांगत राहिला.

"काय सांगत होता?" मी विचारलं.

"भाषा कुटं कळत हुती? एकच शब्द पुन्ना पुन्ना म्हनायचा. गावाचं नाव आसंल, न्हाईतर बायकूचं. सकाळी खाट रिकामी हुती. मी पिशवीत टाकलं ते तसंच ऱ्हायलं."

"आन्‌ आमच्या दारात आनून टाकलं!" दीर ओरडला. "आमचा बाप ते छातीला लावून मेला! ह्या बाईचा जल्म गेला!"

"खरं सांगायलाच आल्तो मी," हवालदार म्हणाले. "देवाशपथ. वेशीत तुमचा बाप धावत आला. मला मिठी मारली. म्हनला, तू आलास म्हंजी त्यो बी मागून येतोय. सगळा गाव गोळा झाला. मला पाटावर बसवला, पाय धुतले. दाराआड ह्या हुत्या. माझी जीभच हालंना. पिशवीत हात घातला आन्‌ हे हाताला लागलं. म्हनलं, सहा महिन्यानं जाऊन सांगू. मग वरीस गेलं. तुमचा बाप इथं आला तवा मी आत धान्याच्या कनगीमागं उभा हुतो."

दिरानं हात उगारला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो खाली बसला. त्या हवालदारांना म्हणाल्या, "कोनता महिना हुता?"

"उन्हाळा. आपल्याकडचा जेठ आसंल."

"तिथी?"

"तिथं कुटली तिथी, वहिनी."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला राग म्हणता येणार नाही. दिवसभर डोक्यावर वाहिलेलं ओझं खाली ठेवल्यावर मान जशी वळेनाशी होते, तशा त्या बसल्या होत्या.

चहा आला. मी आणि दिरानं कसाबसा घोटभर घेतला. निघायला उठलो तेव्हा हवालदारांची बायको लगबगीनं बाहेर आली. भांड्यांच्या आवाजात तिला बाहेरचं बोलणं नीट कळलं नव्हतं. घरी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय कसं पाठवायचं, म्हणून ती करंडा घेऊन आली होती. हसत हसत तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि बाईंच्या कपाळाकडे नेलं.

बाई एक पाऊल मागं सरल्या.

"नगं, बाई," त्या म्हणाल्या.

"आसं कसं? इतक्या लांबून आलात."

"नगं."

ती माउली बोट तसंच पुढे धरून नवऱ्याकडे बघू लागली. हवालदारांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. आम्ही तिघं ओट्यावरून उतरलो. किल्ल्याच्या सावलीतून स्टँडपर्यंत चालत गेलो तेव्हा बाई पुढे होत्या आणि कपाळावरचं सकाळचं कुंकू त्यांनी अजून पुसलं नव्हतं. गाडी यायला पुष्कळ वेळ होता. त्या एका दगडावर बसून राहिल्या.

जामखेडला आमच्या गाड्या वेगळ्या झाल्या. लाल कापड त्यांनी माझ्या हातात दिलं. "ज्याचं हाय त्याच्या घरी पोचवा जमलं तर. त्याच्या बी घरी कोन वाट बगत आसंल."

मी जमेल तेवढं बघितलं. मिशनमध्ये आलेल्या एका जर्मन पाहुण्याला दाखवलं. त्यानं ते हातात घ्यायलाही नकार दिला आणि नंतर त्याचं त्यालाच वाईट वाटून तो बराच वेळ माझ्याशी हवापाण्याविषयी बोलत राहिला. नाव नाही, पलटणीचा आकडा नाही. पट्टीवरून माणूस किती वर्षं लढला ते कळतं, कुणाचा होता ते कळत नाही. दोन्ही वस्तू अजून माझ्याकडे आहेत. अजूनही लोक काही ना काही तपासायला घेऊन येतात. मी खरं की नक्कल तेवढं सांगतो आणि कुठून आलं हे विचारत नाही.

जेठाच्या अवसेला दीर बाईंना घेऊन पुणतांब्याला गेला. तिथी ठाऊक नसली की त्या महिन्याची अमावस्या धरतात. प्रेत नसल्यामुळे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. गोदावरीला पाणी नव्हतं, पात्रात खड्डे घेऊन लोक वाटीवाटीनं पाणी काढत होते, त्यातलंच एक वाटीभर मिळालं. हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. गावातल्या दगडाचं पुढे काही झालं नाही. माणसं पोटामागं पांगली आणि तो विषय मागं पडला. बाईंनी मात्र पंचांना जाऊन सांगितलं होतं म्हणे, "ते लढाईत मेले न्हाईत, हगवनीनं मेले. फितूर बी न्हवते आन्‌ शूर बी न्हवते. लिवायचं तर नुसतं नाव लिवा."

हवालदार त्याच पावसाळ्यात गेले असं ऐकलं.

बाई मला आणखी एकदाच भेटल्या. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ड्रॉइंगच्या परीक्षांसाठी मी पाथर्डीला गेलो होतो. स्टँडच्या बाहेर ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रक भरत होते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. एका ट्रकाजवळ दीर दोर बांधत होता. त्यानं हाक मारली नसती तर शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मी ओळखलं नसतं. त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या होत्या. तुम्हीही चाललात का, असं मी विचारलं. म्हणाल्या, पोरं सांभाळायला कोणतरी लागतं.

मी तब्येत कशी आहे, असं काहीतरी विचारलं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. मग ट्रकावर चढवायच्या एका पोराचं नाक पदरानं पुसत म्हणाल्या, "आदी सपनात यायचे, मास्तर. चेहरा दिसायचा न्हाई, पर यायचे. दारात उभे ऱ्हायचे. पुनतांब्याहून आल्यापास्नं येत न्हाईत."

दिरानं त्यांना हात देऊन वर घेतलं. ट्रक भरायला अजून अवकाश होता, पण माझी परीक्षेची वेळ झाली होती, म्हणून मी निघालो.